पाइपिंग बॅगेतून श्रीखंड: पिशवी उसवते, नोझल तुंबतं

राजेंद्रनगरकर
इंदूरला घरी मुंज आहे, मे महिन्यात. 60 छोट्या टार्टमध्ये (बिस्किटासारख्या भाजलेल्या वाट्या) श्रीखंड भरायचंय, प्रत्येकी साधारण 30 ग्रॅम. वापरून टाकायच्या 12 इंची पाइपिंग बॅगा, म्हणजे क्रीम पिळायच्या कोनासारख्या पिशव्या आणल्यात. करून पाहिलं तर पिशवी जोडावर उसवली, आणि तारा नोझलमधून (टोकाला लावायची ताऱ्यासारख्या दातेरी तोंडाची नळी) धार मध्येच अडकून एकदम फचकन बाहेर आली. जाड पिशवी घेऊ की श्रीखंड थोडं पातळ करू?

लोणीसाखर
पातळ अजिबात नको, टार्टमध्ये पसरून बसेल. तुमचं नोझल तुंबतंय आणि मागून जोर पडल्यावर जोड उसवतोय, म्हणजे दुखणं एकच. श्रीखंडात चारोळी किंवा पिस्त्याचे काप घातलेत ना? ते ताऱ्याच्या दातांत अडकतात. सुकामेवा भरून झाल्यावर वरून पेरा. वेलची पूड चाळून घ्या. केशराच्या काड्या दुधात भिजवून खलात घोटा. अख्खी काडी दातात अडकली की धारेला चीर पडते.

चक्का आणि साखर पुरणयंत्रातून काढा, गुठळी राहता कामा नये. मिक्सर नको, सैल होतं. 1.2 किलो चक्क्याला 700 ग्रॅम पिठीसाखर पुरे. ताटातल्या श्रीखंडाला याहून जास्त घालतो, पण साखरेनं पाणी सुटतं आणि इथे ते परवडत नाही. डेअरीतला तयार चक्का ओलसर वाटला तर मलमलमध्ये बांधून फ्रिजमध्येच आणखी दोन तास टांगा.

कोन_आणि_कात्री
पिशवीचं सांगतो. 12 इंची पिशवीत 200 ग्रॅमच्या वर भरू नका. 18 इंची घेतलीत तर 400 ग्रॅम आरामात मावतं, पाच पिशव्यांत काम होईल. कुठलीही असो, अर्धी भरायची. गळ्यापर्यंत भरली की पीळ देता येत नाही आणि श्रीखंड वरून हातावर येतं.

आधी नोझल टाकून टोकाशी नेऊन बघा. त्याच्या अर्ध्या उंचीवर बाहेरून खूण करा, नोझल मागे सरकवा आणि खुणेच्या जरा खालीच कापा. कमी कापलं तर पुन्हा कापता येतं. जास्त कापलं तर नोझलच श्रीखंडासकट टार्टमध्ये. मग नोझल टोकात परत बसवा आणि त्याच्या मागचा पिशवीचा भाग पिळून बोटानं नोझलमध्ये खुपसा, म्हणजे भरताना खालून गळत नाही. पिशवी उंच पेल्यात उभी करून काठ बाहेर दुमडा, भरा, आणि पेल्यावर आपटून हवा काढा. ते फचकन येणं बऱ्याचदा हवेच्या फुग्यामुळेच असतं.

जोर वरच्या पिळावरच्या हातानं द्यायचा, खालचा हात फक्त दिशेला. मेंदीच्या कोनासारखं मधे दाबलंत की जोड जाणारच. शिवाय मे महिन्यात तळहाताच्या उबेनं श्रीखंड सैल पडतं.

राजेंद्रनगरकर
चारोळी होतीच. :) आदल्या रात्री भरून ठेवलं तर चालेल?

लोणीसाखर
पिशव्या भरून ठेवा, टार्ट नाही, ती मऊ पडतात. वाढायच्या तासाभर आधी भरा. त्याहून आधी भरायची वेळ आली तर टार्टला आतून वितळलेल्या पांढऱ्या चॉकलेटचा पातळ हात फिरवून थिजू द्या.

कोन_आणि_कात्री
आणि रात्री भरलेल्या पिशव्यांना नोझल लावू नका, टोकही कापू नका. पीळ देऊन रबर लावा, फ्रिजमध्ये उभ्या ठेवा. दुसऱ्या दिवशी नोझल लावलेली एकच रिकामी पिशवी बाहेरची म्हणून घ्यायची, भरलेलीचं टोक कापून तिच्यात सरकवायची. संपली की आतली बदला, नोझल धुवायची कटकट नाही. पहिली बोटभर धार वाटीत काढा, टोकाशी पाणी जमलेलं असतं.

पिशव्या धुऊन पुन्हा वापरायच्या फंदात पडू नका, जोडात दूध राहून आंबतं. उलथन्यानं निपटून, विसळून सुक्या कचऱ्यात.

सोऱ्यावाली
नोझल आणलंच आहे म्हणून पुढे चकलीचं पीठ यात घालून बघू नका हं. त्याला सोऱ्याच लागतो.