एकटी आई, तान्हं बाळ आणि रोमान्स: असा हलकाफुलका पिक्चर सांगा ना

झोपमोड: बाळ झोपलं की एका हाताने बघता येईल असा पिक्चर हवाय, हिरोईन एकटी आई पाहिजे, पण रडारड नको प्लीज.

पॉपकॉर्नवाली: १९८९ चा 'लूक हूज टॉकिंग' बघ. मॉली अकाउंटंट असते, बाळाचा बाप लग्न झालेला आणि ऐनवेळी हात वर करणारा, मग कळा सुरू झाल्यावर जो टॅक्सीवाला तिला हॉस्पिटलात पोचवतो तोच पुढे बाळ सांभाळायला येतो, म्हणजे जॉन ट्राव्होल्टा. बाळाच्या मनातलं ब्रूस विलिसच्या आवाजात ऐकू येतं, तिथे मी फुटले हसून.

उगाचच: धमाल आहे, पण एक खटकतं. मॉली प्रत्येक माणसाला 'बाप म्हणून चालेल का' या एकाच मापाने तपासत बसते, स्वतःला कोण आवडतंय ते राहिलंच बाजूला!

पॉपकॉर्नवाली: @उगाचच अगं गंमतच ती आहे ना, आणि दिग्दर्शिका बाई आहे, एमी हेकरलिंग, म्हणून दमलेली आई खरी वाटते.

झोपमोड: लावते आज. आवाज बंद, सबटायटल्स चालू 😅

उगाचच: मग ब्रूस विलिस वाया गेला की, हेडफोन लाव एका कानात