प्रौढ मित्राच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून उभं राहताना आपलाच विश्वास उसना वाटतो, काय करावं?

मोहरीदाणा
मित्र प्रौढ वयात बाप्तिस्मा घेणार आहे, कॅथोलिक पद्धतीने, ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या उपासनेत. धर्मपित्याने, म्हणजे विधीत सोबत उभं राहून पुढे विश्वासात साथ देणाऱ्याने, नेमकं काय करायचं असतं? आणि खरा प्रश्न पुढचा. तो विचार करून 'होय' म्हणतोय; तान्हेपणी बाप्तिस्मा झालेल्या माझ्यासारख्याचं 'होय' मात्र दुसऱ्यांनीच म्हटलेलं असतं. अशाने पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा का? इतर मंडळींतल्या, म्हणजे इतर ख्रिस्ती पंथांतल्या, लोकांनीही लिहा.

दुसराबाक
शेवटचं आधी. पुन्हा नाही. नायसियाच्या विश्वासांगीकारात (उपासनेत सगळे मिळून म्हणतात त्या श्रद्धेच्या जुन्या कबुलीत) 'एकच बाप्तिस्मा' असं स्पष्ट आहे. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला बाप्तिस्मा कॅथोलिक, लुथरन, अँग्लिकन कोणीच दुसऱ्यांदा देत नाहीत. मुळात झाला होता की नाही याचीच खरी शंका असेल, आणि चौकशी करूनही ती फिटली नाही, तर 'तुझा झाला नसेल तर' या शब्दांनी सशर्त देतात. मन कोरडं पडणं ही त्या जातीची शंका नव्हे.

धर्मपित्याचं वय 16 पूर्ण हवं, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करणारा संस्कार) झालेलं हवं, आणि तो त्या व्यक्तीचा आई-बाप नसावा. दुसऱ्या मंडळीत बाप्तिस्मा झालेला माणूस चालतो, पण साक्षीदार म्हणून, कॅथोलिक धर्मपित्याच्या किंवा धर्ममातेच्या जोडीनेच.

विधीतली कामं थोडी आहेत: पाणी ओतताना मित्राला हात लावून उभं राहायचं, पांढरं वस्त्र द्यायचं, पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मोठ्या मेणबत्तीवरून त्याची मेणबत्ती पेटवून हातात द्यायची. त्याच रात्री त्याला दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसादही मिळतो, म्हणजे कपडे बदलायला फार वेळ नसतो. टॉवेल आणि कोरडे कपडे कुठे ठेवलेत ते आधीच बघून ठेवा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर त्याच उपासनेत दडलंय. मित्राला विचारतात: सैतानाला नाकारतोस का, पित्यावर, पुत्रावर, आत्म्यावर विश्वास ठेवतोस का. बाप्तिस्मे झाले की हेच प्रश्न हातात पेटत्या मेणबत्त्या घेतलेल्या सगळ्या मंडळीला विचारतात आणि मग त्यांच्यावर पाणी शिंपडतात. तान्हेपणी दुसऱ्याने दिलेलं उत्तर स्वतःच्या तोंडाने द्यायची ही जागा. आणि नेमक्या याच वेळी धर्मपित्याचं लक्ष फोटोत, टॉवेलात, ठिबकणाऱ्या मेणात अडकलेलं असतं! म्हणून ते प्रश्न आठवडाभर आधी कागदावर उतरवा आणि रोज एकाच प्रश्नावर थांबा. 'नाकारतो' म्हणताना नेमकं काय नाकारतोय, ते नाव घालून लिहा. मोघम लिहिलंत तर उत्तरही मोघमच येतं.

प्रायश्चित्तकाळाच्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या) तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी बाप्तिस्मा घेणाऱ्यांसाठी खास प्रार्थना होतात. त्यांना जोडलेली वाचनं योहानाच्या शुभवर्तमानातली: चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्री, नवव्यातला जन्मांध, अकराव्यातला मरणातून उठवलेला लाजर. तुमच्या कामाचा आहे तो योहान 4:42. गावकरी त्या बाईला म्हणतात, आता आम्ही तुझ्या बोलण्यावरून विश्वास धरत नाही, आम्ही स्वतः ऐकलंय. उसन्यापासून स्वतःच्या विश्वासापर्यंतची वाट तिथे दोन दिवसांत झालीय. तुम्हाला जास्त लागले तर बिघडत नाही.

खोलपाणी
आमच्याकडे, म्हणजे बॅप्टिस्ट मंडळीत, तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतच नाहीत. त्यामुळे असा माणूस पुढे पाण्यात उतरला तर त्याला आम्ही 'पुन्हा' म्हणत नाही. हा फरक लपवण्यात अर्थ नाही. पण आमच्या पाळकांनाही विचारलंत तरी ते मित्राच्या दिवशी घाईने निर्णय घेऊ देणार नाहीत. दुसऱ्याला पाण्यात बघून आलेली उचंबळ आणि स्वतःचा निश्चय यांत फरक करायला काही आठवडे जाऊ द्यावे लागतात.

पूर्ण बुडवण्याच्या बाप्तिस्म्याला कोणी साक्षी राहणार असेल तर: पाणी कमरेइतकं हवं. झग्याच्या खालच्या घडीत वजन शिवलेलं नसेल तर तो पाण्यावर तरंगतो. पांढरं कापड भिजून पारदर्शक होतं, आत गडद कपडे घालावेत. उंच माणसाने गुडघे वाकवले नाहीत तर पाळकाचा तोल जातो. वायरचा माईक पाण्याजवळ अजिबात नको, विजेचा धक्का जीवघेणा ठरतो. चष्मा आणि फोन साक्षीदाराने आधीच ताब्यात घ्यावा.

मोहरीदाणा
धन्यवाद. एकच अडकतंय. विश्वासांगीकारातल्या एखाद्या कलमावर मन डळमळत असताना सगळ्यांसोबत 'होय' म्हणणं खोटेपणा नाही का?

जुनीवही
विश्वासांगीकार ओळीओळीने लिहून काढा आणि प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक खूण करा: ठामपणे म्हणतो, मंडळीच्या आधाराने म्हणतो, घशात अडकतं. दुसरी खूण खोटेपणाची नाही; मार्क 9:24 मधला आजारी मुलाचा बाप 'माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका' असं एकाच श्वासात म्हणतो. तिसऱ्या खुणेच्या ओळी घेऊन धर्मगुरूंकडे जा, बाप्तिस्म्याच्या आधी, त्या रात्री नव्हे. बहुतेकदा यादी वाटते त्यापेक्षा छोटी निघते. आणि आळस व शंका वेगळ्या करा: प्रार्थनाच सुटलेली असेल तर कलमांवर वाद घालून ती परत येत नाही.

दुसऱ्याचा विश्वास बघून हलणं नवं नाही. प्राचीन काळातला संत ऑगस्टीन याने आपल्या आत्मकथनाच्या आठव्या भागात लिहिलंय, की रोमचा नावाजलेला वक्ता व्हिक्टोरिनस याला विश्वासाची कबुली खाजगीत द्यायची मुभा होती, तरी त्याने ती सगळ्यांसमोर दिली. हे ऐकून ऑगस्टीन पेटून उठला. पण तेवढ्याने त्याचं काम झालं नाही. त्याच भागात पुढे त्याची ओढाताण आहे, आणि बाप्तिस्मा 387 मध्ये.

रोजच्यासाठी जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नेशियस याचं आत्मपरीक्षण घ्या, रात्री 10 ते 15 मिनिटं: आभार, प्रकाशाची मागणी, दिवसाची उजळणी, पश्चात्ताप, उद्याचा निश्चय. चूक होते ती तिसऱ्या पायरीवर. लोक फक्त पापांची यादी करतात आणि चार दिवसांत सोडून देतात. देवाच्या जवळ गेल्यासारखं कुठे वाटलं, तेही नोंदवा. निश्चय एकच, आणि उद्यापुरताच.

दुसराबाक
एक राहिलं. हे सगळं मित्राला आत्ता सांगत बसू नका. बाप्तिस्म्यानंतर महिन्याभराने, त्याचा उत्साह ओसरू लागला की सांगा. तेव्हा धर्मपित्याची गरज त्याला जास्त असते.