झोपेत दात खाण्याची सवय

प्रश्न: माझे यजमान रात्री झोपेत करकर दात खातात आणि सकाळी त्यांचा जबडा व कानशिले दुखतात. सासूबाईंच्या मते हे जंतांमुळे होते. काय करावे?

उत्तर १: मोठ्या माणसाच्या बाबतीत जंतांना दोष देण्यात अर्थ नाही; मानसिक ताण, रात्रीची कॉफी, मद्य, धूम्रपान आणि नैराश्यावरील काही औषधे यांमुळे ही सवय बळावते. दंतवैद्याकडून मापाचा नाईट गार्ड (झोपताना दातांवर बसवायचे संरक्षक कवच) करून घ्यावा, मात्र तो दातांची झीज रोखतो, सवय मोडत नाही.

उत्तर २: ते मोठ्याने घोरत असतील आणि दिवसा पेंगत असतील, तर झोपेत श्वास अडखळतो का, याची तपासणी आधी करावी.

उत्तर ३: मी दिवसाही जबडा आवळून बसतो, हे मला फार उशिरा कळले. ओठ मिटलेले, पण दात एकमेकांपासून सुटे, ही जबड्याची खरी विश्रांती.