अनुभव धागा : माजी नगरसेवक अण्णा आणि सोलापूरचे पर्यावरण

आमच्या प्रभागाचे माजी नगरसेवक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांनी झाडे, तळी आणि माळरान यांसाठी गेली अनेक वर्षे पाठपुरावा केला आहे. मार्च २०२२ मध्ये महापालिकेवर प्रशासक आल्यानंतरही त्यांचे अर्ज थांबले नाहीत. ज्यांनी त्यांच्यासोबत काम केले किंवा त्यांच्याशी वाद घातला, त्यांनी आपले अनुभव लिहावेत. निव्वळ कौतुक नको.

होटगी रस्ता, निवृत्त शिक्षिका
रस्तारुंदीसाठी आमच्या गल्लीतील कडुनिंब तोडायचे ठरले, तेव्हा आम्ही ‘झाडे वाचवा’ असे चार ओळींचे निवेदन घेऊन अण्णांकडे गेलो. त्यांनी ते वाचून बाजूला ठेवले. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार तोडीची नोटीस झाडावर लावावी लागते आणि तिच्यावर नागरिकांना हरकत घेता येते, हे त्यांनी समजावले आणि शिंप्याची टेप घेऊन स्वतः आमच्याबरोबर उन्हात फिरले. प्रत्येक झाडाची जात, छातीच्या उंचीवरचा घेर आणि समोरचा घरक्रमांक अशी हरकत आम्ही झाडागणिक लिहिली. मोघम अर्जाला मोघमच उत्तर मिळते, असे ते म्हणत. काही झाडे वाचली, काही गेली. पुढे २०२१ च्या दुरुस्तीत पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, तेव्हा तीच यादी पुन्हा कामी आली.

पूर्व भाग, यंत्रमाग कामगार
माझे मत वेगळे आहे. आमच्या मागच्या नाल्याचे पाणी पाहून आज कोणत्या रंगाचे सूत रंगले ते सांगता येत असे. त्याबद्दल विचारले, तर अण्णा म्हणाले, ‘‘सूत रंगवणारे कारखाने एकदम बंद केले तर तुझ्याच घरातले दोघे घरी बसतील, आधी सामायिक सांडपाणी प्रक्रियेची सोय मागू.’’ मागणी त्यांनी केली, हे खरे. परंतु झाडांसाठी ते ज्या चिकाटीने भांडले, ती मला नाल्याच्या बाबतीत दिसली नाही. यंत्रमागवाल्यांची निवडणुकीतली मते हे त्याचे कारण असावे.

संभाजी तलावाजवळील रहिवासी
काढलेली जलपर्णी काठावरच टाकली, तर ती पावसाने परत पाण्यात जाते, म्हणून ती लांब वाहून नेईपर्यंत अण्णा काठावर उभे राहत. सांडपाणी येते तोवर ती वाढणारच, हेही तेच सांगत.

नान्नज परिसर, महाविद्यालयीन प्राध्यापक
एका वृक्षारोपणासाठी माळावर खड्डे खणून तयार होते आणि अण्णा प्रमुख पाहुणे होते. त्यांनी रोप हातात घेण्यास चक्क नकार दिला. माळढोक पक्ष्याची मादी उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडे घालते. तिला दूरवरचे दिसेल असे मोकळे गवताळ रान लागते, दाट झाडी नव्हे. १९७९ मध्ये घोषित झालेले इथले माळढोक अभयारण्य पुढे बरेच आक्रसले आणि पक्षी तर जवळजवळ दिसेनासा झाला. अशा वेळी उरलेले माळरान ‘हिरवे’ करणे म्हणजे त्याचे घर मोडणे आहे, असे त्यांनी संयोजकांना सुनावले. माळावरचा पवन्या आणि कुसळी गवत विद्यार्थ्यांना हाताने चाचपून ओळखायला लावले. खड्डे बुजवले गेले आणि रोपे गावातील शाळेच्या आवारात लागली. माझ्या मते अण्णांचे सर्वांत मोलाचे काम हेच, कारण वृक्षप्रेमी म्हणून मिळवलेले नाव त्यांनी झाड न लावण्यासाठी पणाला लावले. संयोजकांनी मात्र त्यानंतर त्यांना बोलावणे बंद केले.