पुरानंतर ज्यू संस्थांची मदत: मंडळानं मागायची कशी?

प्रश्न (वेदगंगाकाठ, निपाणी):
2019 आणि 2021 च्या महापुरानंतर आमच्या भागातली मंडळं पुढच्या पुरासाठी आधीच तयारी करायचं म्हणतात. आपत्तीत ज्यू समाज जगभर निधी उभारतो असं ऐकलंय. तो पैसा येतो कसा? आमच्यासारख्या नोंदणीकृत तरुण मंडळाला मिळेल का?

उत्तर १ (पुणेकर):
अमेरिकेतल्या शहराशहरांत ज्यू फेडरेशन, म्हणजे ज्यू समाजाचे निधी गोळा करणारे संघ आहेत. आपत्ती आली की त्या खास निधी उघडतात, सिनेगॉगमधून (ज्यू प्रार्थनास्थळांतून) आवाहन होतं. जमलेली रक्कम बहुतेक वेळा 1914 साली स्थापन झालेल्या ‘जॉइंट’ (अमेरिकन ज्यू जॉइंट डिस्ट्रिब्युशन कमिटी) सारख्या मदतसंस्थेकडं जाते आणि ती स्थानिक संस्थांना हाताशी धरून खर्च करते. धर्म विचारत नाहीत. 2004 ची त्सुनामी आणि 2015 चा नेपाळ भूकंप, दोन्ही वेळा असंच झालं. 2001 ला भूजमध्ये इस्रायली लष्कराचं फील्ड हॉस्पिटल आलं होतं, पण ती सरकारी मदत. दोन्हींची गल्लत करू नका, अर्ज करायची दारं वेगळी आहेत.

उत्तर २ (चिक्कोडी, हिशेबनीस):
खरी अडचण एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरचा भारतीय कायदा. परदेशी देणगी फक्त दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच येते. या कायद्याखालच्या वेगळ्या नोंदणीला संस्था किमान तीन वर्षं जुनी आणि त्या तीन वर्षांत मुख्य कामावर 15 लाख खर्च दाखवावा लागतो. ‘ज्यांच्याकडं नोंदणी आहे ते घेतील नि आम्हाला देतील’ हे 2020 च्या दुरुस्तीपासून बंद आहे, इथंच बरीच मंडळं अडकतात. एक मार्ग: नोंदणी असलेल्या संस्थेनं दुकानदाराला थेट पैसे द्यायचे, तुम्ही याद्या नि कार्यकर्ते द्यायचे. मुंबई-पुण्यातल्या बेने इस्राएल (मराठी बोलणारा ज्यू समाज) मंडळींनी भारतीय नागरिक म्हणून स्वतःच्या कमाईतून दिलं, तर मात्र हा कायदा आड येत नाही.

प्रश्नकर्ता: मग मागणीपत्रात काय लिहायचं?

उत्तर ३ (अथणी):
कपडे मागू नका. ओल्या शाळेच्या खोलीत ढीग पडतो, वास सुटतो नि शेवटी पंचायतीलाच उचलावा लागतो. चारा मागा. मोठ्या जनावराला दिवसाला साधारण 15 ते 20 किलो ओला नि 5 किलो सुका चारा लागतो. म्हणजे शंभर जनावरांना दहा दिवस किमान 15 टन ओला नि 5 टन कडबा. कडबा फरशीवर रचू नका, खाली लाकडी फळ्या टाका, नाहीतर बुरशी धरते.

दुसरी मागणी पाणी ओसरल्यानंतरची: बियाणं, दुभती म्हैस, शिलाई मशीन. बाराव्या शतकातल्या मैमोनिदेस या ज्यू पंडितानं दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. माणूस पुन्हा स्वतःच्या पायावर उभा राहील असं देणं ही सगळ्यात वरची. या संस्थांत ही शिकवण मुरलेली आहे, त्यामुळं असा प्रस्ताव त्यांना पटू शकतो.

पंचनामा कन्नडमध्ये असतो, त्याला इंग्रजी भाषांतर जोडा. प्रत्येक घराचं रेशन कार्ड, पडझडीचा तारखेसह फोटो आणि दोन दुकानांचे दरपत्रक लावा.

उत्तर १ (पुणेकर):
एक राहिलं. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस असतो, तेव्हा देणगीचं बोलणं नको. जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ आड येत नाही, पण मागणीपत्र गुरुवारपर्यंत पोचवा.