मदत हवी आहे: आईच्या रेनॉडसाठी (गारठ्यानं बोटांच्या रक्तवाहिन्या आखडतात तो त्रास) नागपूरला जायचंय, सोबत काय काय नेऊ?

मंडळी, पुढच्या आठवड्यात आईला संधिवाताच्या डॉक्टरांकडे नेतोय. सकाळच्या गारठ्यात कापूस वेचताना तिची बोटं खडूसारखी पांढरी पडतात, मग निळी, अन् चुलीजवळ बसली की लाल होऊन ठणकतात. गावात सगळे म्हणतात रक्त कमी आहे. हिमोग्लोबिन तर 12 आहे! दवाखान्यात बोटं नेमकी चांगली दिसणार, म्हणून मोबाईलवर फोटो काढून ठेवलेत. बीपीसाठी अटेनोलॉल चालू आहे. त्यानं हा त्रास वाढू शकतो म्हणे. पण मनानं बंद केली नाही, पाकीटच सोबत नेतो. एएनए तपासणी (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटलीय का ते पाहणारी रक्ततपासणी) आधी करून नेऊ की तिथंच सांगतील? नखांच्या मुळाशी बारीक रक्तवाहिन्या पाहतात ती कॅपिलरोस्कोपी कोणी केली आहे का? आईच्या नखांना मेंदी आहे, त्यानं अडेल का?