‘कमर्शियल फोटोग्राफर’ला मराठीत काय म्हणावे?

माझे काका गेल्या महिन्यात गेले. ठाण्यात, नौपाड्यात, त्यांचा स्टुडिओ जवळजवळ पस्तीस वर्षे होता. त्यांचे सहायक आणि आम्ही घरची माणसे मिळून एक छोटी स्मरणिका काढत आहोत, आणि तिच्यातील परिचय मी लिहावा असे ठरले आहे. पहिल्याच वाक्यात मी अडलो. स्टुडिओच्या पाटीवर ‘कमर्शियल फोटोग्राफर’ असे होते, मी ‘व्यावसायिक छायाचित्रकार’ असे लिहिले, तेव्हा त्यांच्या सर्वांत जुन्या सहायकाने विचारले, “म्हणजे लग्नाचे फोटो काढणारे?”

त्यांची शंका रास्त आहे. ‘व्यावसायिक’ हा शब्द मराठीत ‘हौशी’च्या विरुद्ध अर्थाने रुळला आहे. लग्नाचे, पासपोर्टचे, वर्तमानपत्राचे फोटो काढून पोट भरणारे सगळेच व्यावसायिक. काकांनी एकही लग्न केले नाही (स्टुडिओत हे वाक्य असेच बोलले जाई). वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांचे पंप, व्हॉल्व्ह, औषधांच्या बाटल्या, भांडी हे त्यांचे विषय. ‘धंदेवाईक’ म्हटले तर पैशापुरते काम करणारा असा अर्थ होतो, आणि तो त्यांच्यावर अन्याय ठरेल. ‘जाहिरात-छायाचित्रकार’ जवळ जातो, परंतु अभियंत्यांसाठी छापलेल्या यंत्राच्या कॅटलॉगला जाहिरात म्हणणे ओढूनताणून वाटते. ‘औद्योगिक’ म्हणावे तर कारखान्यांच्या छायाचित्रांसाठी ओळखले जाणारे मित्तर बेदी यांच्यासारख्यांचे काम नेमके त्यात बसते. पण जाहिरातसंस्थेत सुरुवात करून पुढे चेहऱ्यांच्या छायाचित्रांसाठी ओळखले गेलेले गौतम राजाध्यक्ष त्याच क्षेत्रातले असूनही बाहेर राहतात.

शब्द कोणत्या कामासाठी हवा आहे, हे एका उदाहरणाने सांगतो. मी शाळेत असताना त्यांनी एका स्टीलच्या किटलीचा फोटो काढला होता. चकचकीत स्टील समोरचे सगळे दाखवते : खोली, दिवे, कॅमेरा आणि काळ्या कापडाखाली वाकलेला माणूससुद्धा. त्यांनी किटलीभोवती ट्रेसिंग पेपरचा तंबू उभा केला, बाहेरून दोन दिवे मारले आणि कागदाला फक्त लेन्सपुरते भोक पाडले. मग स्टील सगळीकडून दुधासारखे पांढरे, सपाट दिसू लागले, म्हणून कडेला काळ्या कार्डाची बोटभर पट्टी लावली. तिचे प्रतिबिंब पडताच किटलीला गोलाई आली. पट्टी अर्धा इंच पुढे, पाव इंच मागे, असे करता करता दुपार सरली. पोलरॉइडवर (लगेच हाती येणाऱ्या चाचणी-फोटोवर) खात्री झाल्यावरच ट्रान्सपरन्सी (छपाईसाठीची पारदर्शक फिल्म) खर्ची पडली. सगळी खटपट किटली विकली जावी म्हणून, हे खरेच. पण या मेहनतीला ‘धंदा’ एवढाच शब्द पुरत नाही.

म्हणून मला ‘उपयोजित छायाचित्रकार’ सुचते. ज्याला पूर्वी सर्रास ‘कमर्शियल आर्ट’ म्हणत, त्या शिक्षणासाठी मुंबईत १९६१ साली सर ज. जी. उपयोजित कला संस्था स्वतंत्र झाली, आणि ‘उपयोजित कला’ हा शब्दप्रयोग आज कोणाला खटकत नाही. कला एखाद्या उपयोगासाठी योजलेली, एवढेच त्यात सांगितले आहे. कमीपणा कुठेही नाही.

जाता जाता, ‘छायाचित्र’विषयी. ‘फोटो’च्या मूळ ग्रीक शब्दात प्रकाश आहे, सावली नाही, म्हणून काही जण ‘प्रकाशचित्र’च बरोबर मानतात. परंतु संस्कृतात ‘छाया’ म्हणजे सावलीच नव्हे, प्रतिबिंब आणि कांतीही. ती किटली आठवली की मला ‘छायाचित्र’ अगदी योग्य वाटते.

जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद (वाशीहून) :
आपल्या काकांना आदरांजली. मी अनेक वर्षे मुद्रितशोधन केले, त्या अनुभवावरून लिहितो. ‘उपयोजित’ निर्दोष आहे, पण कलाशिक्षणाच्या बाहेरचा वाचक तिथे अडखळेल. ‘व्यावसायिक’ला इतक्या लवकर बाद करू नये. ‘व्यवसाय’ शब्दाचा जुना अर्थ निश्चय, दृढ प्रयत्न असा आहे; गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ‘व्यवसायात्मिका बुद्धि’ ती हीच. कागदाची पट्टी पाव इंच सरकवत दुपार घालवणारा माणूस या अर्थाने पूर्ण व्यावसायिक होता. शिवाय मराठीत आपण चित्र ‘काढतो’ तसाच फोटोही ‘काढतो’. हल्ली ऐकू येणारे ‘फोटो खेचला’ स्मरणिकेत येऊ देऊ नका.

मूळ लेखकाचे उत्तर :
आभारी आहे. गीतेतील अर्थ मला फार भावला, तरी आज तो शब्द वाचणाऱ्याच्या मनात आधी लग्नाचा मांडवच येईल. म्हणून पहिले वाक्य असे केले आहे : ‘कारखान्यांत तयार होणाऱ्या वस्तूंची छायाचित्रे काढणे हे त्यांचे आयुष्यभराचे काम होते, त्या काळी त्याला कमर्शियल फोटोग्राफी म्हणत, आम्ही उपयोजित छायाचित्रण म्हणतो.’ पाटीचा फोटो शेजारी छापू. ‘रोल धुवायला टाकला’ हे सहायकांच्या आठवणींत जसेच्या तसे ठेवत आहे, कारण तिथे ‘विकसित केला’ असे कोणीच म्हणत नसे. काकांनी काम केलेल्या कॅटलॉगांवर बहुधा त्यांचे नावच नसे. कोणाच्या घरी जुने मराठी कॅटलॉग असतील आणि त्यांत छायाचित्रकाराचा उल्लेख असेल, तर तो कोणत्या शब्दाने केला आहे, तेवढे कळवावे.